स्लायडर ओढून माणूस तयार होत नाही: फुटबॉल मॅनेजर गेमने मला शिकवलेलं ट्रेनिंग



मागच्या व्हिडिओत आपण पाहिलं की धंद्यात पहिला माणूस ठेवताना पगार कसा ठरवायचा. आज त्याच्या पुढची पायरी. माणूस ठेवला, पगार ठरला, आता त्याला तयार कसं करायचं? व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे निवांत लिहितोय. चहा घेऊन बसा.

विषयाकडे जरा आडवाटेनं जाणार आहे. आज मी तुम्हाला एका कॉम्प्युटर गेमबद्दल सांगणार आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगतो, म्हणजे हा गेम मला का भिडला ते कळेल.

माझी महागात पडलेली चूक

ट्रेनिंग क्षेत्रात येण्याआधी माझं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटं जॉबवर्कचं युनिट होतं. सात माणसं, दोन सीएनसी, एक व्हीएमसी. आयटीआय झालेला एक पोरगा माझ्याकडे हेल्पर म्हणून आला. हुशार होता, हात चांगला होता. मला वाटलं, ह्याला ऑपरेटर करू. तीन दिवसांच्या प्रोग्रॅमिंगच्या क्लासला पुण्याला पाठवला, फी मी भरली. सोमवारी परत आला आणि त्याच दिवशी मी त्याला व्हीएमसीवर एकटा उभा केला. ऑर्डर अर्जंट होती, म्हणून पाच आठवडे रोज दीड शिफ्ट.

सहाव्या आठवड्यात एका रात्री ऑफसेट चुकला. टूल जॉबमध्ये घुसला, स्पिंडल गेला. दुरुस्तीला एक लाख चाळीस हजार. मी त्याला सगळ्यांसमोर बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण "तुझ्यावर पैसे घातले ते पाण्यात गेले" असा त्याचा अर्थ होता. दिवाळीची सुट्टी झाली आणि पोरगा परत आलाच नाही. आज तो दुसऱ्या एका कंपनीत सेटर आहे आणि उत्तम काम करतो. म्हणजे माल चांगला होता, बिघडवला मी.

बरीच वर्षं मी हेच सांगत फिरलो की हल्लीची पोरं टिकत नाहीत. मग एका मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला आला.

"मामा, ह्याला डबल लावला आणि गेला!"

भाच्याला फुटबॉलचं वेड. कोल्हापुरात ते काही नवीन नाही. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीम भिडतात तेव्हा अर्धं गाव तिथे असतं, आणि त्या टीमच्या नावातच "तालीम" असते. तालीम म्हणजे सराव, शिक्षण, ट्रेनिंग. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

तर भाचा लॅपटॉपवर फुटबॉल मॅनेजर नावाचा गेम खेळत बसला होता. ह्या गेममध्ये तुम्ही बॉलला पाय लावत नाही. तुम्ही टीमचे मॅनेजर. खेळाडू विकत घ्यायचे, पगार ठरवायचे, टीम निवडायची, सराव ठरवायचा. मॅच तुम्ही नुसती बघायची. थोडक्यात, आपण युनिटमध्ये जे करतो तेच.

मी विचारलं, "काय रे, तोंड का पाडलंयस?"

"मामा, हे बघा. सतरा वर्षांचं पोरगं, विंगर. मी त्याला डबल इंटेन्सिटी लावली. गेला ना!"

"गेला म्हणजे?"

"हॅमस्ट्रिंग. दोन महिने बाहेर."

"मग आता काय करणार?"

"परत आला की हाफ इंटेन्सिटी. आणि मॅचमध्ये शेवटची वीस मिनिटं. हळूहळू वाढवायचं, नाहीतर परत जाईल."

मी गप्प झालो. जे त्या पोराला गेमने एका संध्याकाळी शिकवलं, ते मला एक लाख चाळीस हजार घालवूनही कळलं नव्हतं.

तेव्हापासून मी ह्या गेमच्या मागे लागलो. खेळण्यात मी आजही कच्चा आहे. पण गेम बनवणाऱ्यांनी "सराव" ही गोष्ट खऱ्यासारखी करायला काय काय केलं आणि अजून कुठे अडलेत, हे बघताना मला माझंच युनिट दिसत गेलं. तेच आज तुमच्यासमोर मांडतोय.

आधी थोडा इतिहास

ह्या गेमची सुरुवातच एका घरगुती धंद्याची गोष्ट आहे. इंग्लंडमधल्या पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर ह्या दोन भावांनी घरी बसून हा गेम लिहिला. १९९२ मध्ये तो चॅम्पियनशिप मॅनेजर ह्या नावानं बाजारात आला. १९९४ मध्ये त्यांनी स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह ही कंपनी काढली. पुढे जुन्या प्रकाशकापासून वेगळे झाल्यावर नाव त्याच्याकडे राहिलं आणि गेम ह्यांच्याकडे. मग २००४ मध्ये सेगासोबत त्यांनी तोच खेळ फुटबॉल मॅनेजर ह्या नव्या नावानं आणला. पाटी गेली तरी कारागिरी तुमची असेल तर गिऱ्हाईक मागे येतं, हा धडा त्यातला वेगळाच. त्यावर कधीतरी स्वतंत्र व्हिडिओ करू.

ह्या गेममध्ये प्रत्येक खेळाडूचे गुण आकड्यात असतात. पासिंग, टॅकलिंग, वेग, दम, निर्णयक्षमता अशा प्रत्येक गोष्टीला १ ते २० मधला आकडा. हे आकडे कुठून येतात? जगभर पसरलेली माणसं आपापल्या भागातले क्लब बघून ते भरतात. ही माहिती इतकी उपयोगाची ठरली की २००८ मध्ये एव्हर्टन ह्या इंग्लिश क्लबने खेळाडू शोधायला हा डेटाबेस वापरण्याचा करार केला. पण लक्षात ठेवा, आकडा कितीही नेमका दिसला तरी तो शेवटी कुणाच्या तरी नजरेचा अंदाज असतो.

आता सरावाकडे येऊ.

पहिला अवतार: सरकपट्टी

दोन हजारच्या दशकातल्या आवृत्त्यांमध्ये सराव म्हणजे स्लायडर होते, म्हणजे सरकपट्ट्या. ताकद, दमसास, बचाव, आक्रमण, शूटिंग अशी यादी आणि प्रत्येकासमोर एक पट्टी. उजवीकडे ओढली की सराव जास्त, डावीकडे ओढली की कमी. एकूण भार किती झाला हेही दिसायचं, आणि फार ओढलं तर दुखापती वाढायच्या. पण एकदा पट्ट्या लावल्या की वर्षभर बघायची गरज नाही.

मग काय झालं असेल? जे आपल्याकडे होतं तेच. कुणीतरी "सगळ्यात भारी शेड्यूल" तयार करायचं, बाकीचे ते उतरवून घेऊन आपल्या सगळ्या टीमला लावायचे. मॅच शनिवारी आहे की बुधवारी, टीममध्ये म्हातारे किती आणि पोरं किती, ह्याच्याशी शेड्यूलला फारसं देणंघेणं नाही.

आपण ह्याला काय म्हणतो? "ट्रेनिंग दिलं." वर्षातून एकदा कुणाला तरी बोलावलं, पीपीटी दाखवली, वडापाव वाटले, सह्या घेतल्या. पट्टी उजवीकडे ओढली, झालं काम!

दुसरा अवतार: आठवडा

मोठा बदल झाला तो फुटबॉल मॅनेजर २०१९ मध्ये. बनवणाऱ्यांनी सराव जवळजवळ नव्यानं बांधला. पट्टीच्या जागी आला आठवड्याचा तक्ता. दिवसाला तीन खाने. प्रत्येक खान्यात तुम्ही एक सत्र ठेवायचं: बचावाचं, आक्रमणाचं, शारीरिक, फ्री किक आणि कॉर्नरचं, मॅचच्या तयारीचं, किंवा विश्रांती. टीमचे गटही वेगळे: गोलकीपर, बचावाचा गट, आक्रमणाचा गट. आणि प्रत्येक सत्राच्या कार्डावर लिहिलेलं की ह्यानं काय सुधारेल आणि त्याची किंमत काय. थकवा किती, दुखापतीचा धोका किती, टीमच्या एकोप्यावर काय परिणाम.

हे खऱ्या फुटबॉलच्या बरंच जवळ आहे. खऱ्या क्लबमध्ये आठवडा मॅचभोवती फिरतो. मॅचच्या दुसऱ्या दिवशी जे खेळले त्यांना हलकं काम. आठवड्याच्या मधे सगळ्यात जड सराव. मॅचच्या आदल्या दिवशी थोडं, चपळ, डोकं ताजं ठेवणारं. पोर्तुगालच्या पोर्तो विद्यापीठातले व्हितोर फ्रादे ह्यांनी तर वेगळाच विचार मांडला. दम वेगळा, तंत्र वेगळं, डावपेच वेगळे असं शिकवायचंच नाही. ज्या पद्धतीनं मॅच खेळायची, त्याच पद्धतीच्या छोट्या तुकड्यांतून सगळं एकत्र शिकवायचं आणि आठवडाभरात भार कमी-जास्त करायचा. मोरिन्होंसारख्या प्रशिक्षकांनी ती वाट धरली.

तुमच्या धंद्यालाही मॅचचा दिवस असतो. बेकरीवाल्याचा डिसेंबरचा शेवटचा आठवडा. टेलरिंगवाल्या ताईंची लग्नसराई. जॉबवर्कवाल्याचा महिनाअखेरचा डिस्पॅच. नवीन माणसाला शिकवायला आपण नेमका तोच आठवडा पकडतो, कारण तेव्हाच हात कमी पडतात. मी तेच केलं होतं. पोराला शिकवायचा काळ आणि अर्जंट ऑर्डरचा काळ एकच निवडला.

तर पहिलं पाऊल सोपं आहे. कॅलेंडर घ्या, वर्षातल्या "मॅच" लाल पेनानं मांडा. शिकवणं त्याच्या आधीच्या निवांत आठवड्यांत बसवा.

थकवा हिशेबात धरला की गेम बदलतो

आता इंटेन्सिटीकडे येऊ, म्हणजे भाच्याच्या विंगरकडे. गेममध्ये प्रत्येक खेळाडूला सरावाचा जोर वेगळा लावता येतो: दुप्पट, नेहमीचा, अर्धा, किंवा काहीच नाही. दुप्पट लावला की शिकणं वाढतं, पण थकवा साठतो. थकवा साठला की दुखापतीचा धोका चढतो, आणि दुखापत झाली की आठवडे, कधी महिने वाया. कोवळ्या वयात लांबची दुखापत झाली तर पूर्ण वाढच खुंटू शकते.

इथे गेमनं एक खरी गोष्ट पकडली आहे. भार वाईट नसतो, अचानक वाढलेला भार वाईट असतो. खरे क्लब म्हणूनच खेळाडूंच्या अंगात जीपीएसवाली बंडी घालतात. कोण किती धावला, किती वेळा जोरात पळाला, मागच्या आठवड्यापेक्षा किती जास्त, ह्याची नोंद ठेवतात.

आपल्याला जीपीएस नको. एक वही पुरते. नवीन माणसानं ह्या आठवड्यात किती तास एकट्यानं काम केलं, किती वेळा विचारायला आला, किती रिजेक्शन निघालं. तिसऱ्या आठवड्यात रिजेक्शन अचानक वाढलं तर ते आळसाचं लक्षण समजू नका. बहुतेक वेळा तो थकवा असतो. माझ्या पोराच्या पाचव्या आठवड्यात रिजेक्शन वाढलं होतं, मला ते दिसलंही होतं. मी म्हणालो, "लक्ष कुठंय तुझं?" लक्ष माझं नव्हतं.

शिकवणाराही दमतो

गेममधली ही गोष्ट मला फार आवडली. प्रशिक्षकांना पाच ताऱ्यांपर्यंत दर्जा असतो. एकाच प्रशिक्षकावर बचाव, आक्रमण, तंत्र, फिटनेस सगळं टाकलं की त्याच्यावर कामाचा बोजा "जड" दाखवतात आणि शिकवण्याची गुणवत्ता घसरते. तोच माणूस, तेच ज्ञान, पण चार ठिकाणी वाटला गेला की पातळ होतो. ताकात पाणी घालावं तसा.

आता आपल्या युनिटमधला सिनियर आठवा. मशीन तोच चालवतो, सेटिंग तोच करतो, गिऱ्हाईकाचा फोन तोच घेतो, आणि वर आपण सांगतो, "काका, ह्या पोरालाही जरा शिकवा." काका शिकवतील कधी? रागानं शिकवतील, नाहीतर "तू बघ, बघून शिक" म्हणतील. शिकवायचं काम दिलं असेल तर त्या दिवसाचं टार्गेट कमी करा. रोज एक तास. त्या एका तासाचं उत्पादन गेलं असं समजू नका, ती ट्रेनिंगची फी आहे. बाहेरच्या क्लासला पाच हजार देताना आपला हात थांबत नाही, घरच्या गुरूला एक तास द्यायला मात्र जीव वर-खाली होतो!

शेजारी कोण बसवलाय?

२०१९ च्याच आवृत्तीत जुनी "एक गुरू, एक शिष्य" पद्धत गेली आणि गट आले. निदान तीन खेळाडूंचा गट करायचा. त्यातल्या वजनदार सिनियरचा स्वभाव हळूहळू पोरांत उतरतो. सिनियर मेहनती असेल तर पोरं मेहनती होतात. तो सरावाला कंटाळणारा असेल तर तेही उतरतं. गेममध्ये खेळाडूचा व्यावसायिकपणा, महत्त्वाकांक्षा, दडपण सहन करायची ताकद असे काही गुण लपलेले असतात, थेट दिसत नाहीत, आणि पोरगं पुढे किती वाढणार हे बरंचसं त्यावर ठरतं.

खऱ्या आयुष्यात ह्याला संगत म्हणतात. आपल्या आजीला हे माहीत होतं. पण नवीन माणूस आला की आपण त्याला जिथे जागा रिकामी असेल तिथे बसवतो. आणि जागा बहुतेक वेळा तिथेच रिकामी असते, जिथे कुणी टिकत नाही. का टिकत नाही, ते त्या कोपऱ्यातल्या सिनियरला विचारा.

सरावानं तयारी होते, मॅचनं खेळाडू होतो

आता दुसऱ्या एका गेमचं उदाहरण घेऊ. ईए कंपनीच्या फिफा १६ मध्ये करिअर मोडला खेळाडूंचा सराव आला. आठवड्याला पाच खेळाडू निवडायचे, छोटे कवायतीचे खेळ खेळायचे, की त्यांचे आकडे वर. झटपट, मजेशीर. पण खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की रोज शंकूमधून बॉल फिरवून सामान्य पोरगंही भराभर स्टार होतंय. मॅच खेळो न खेळो. काही वर्षांनी, फिफा २१ मध्ये, त्यांनी पद्धत बदलली. सरावाचे दिवस, विश्रांतीचे दिवस आणि मॅचची धार असा ताळमेळ आला.

फुटबॉल मॅनेजरमध्ये हे आधीपासून बरं होतं. तिथे अठरा वर्षांच्या पुढचं पोरगं नुसतं सरावात ठेवलं की अडकतं. त्याला मॅच लागतात, आणि त्याही त्याला झेपतील अशा पातळीवरच्या. म्हणून त्याला छोट्या क्लबला उसना द्यायचा.

खरं उदाहरण हॅरी केनचं. टॉटनहॅमनं त्याला २०११ ते २०१३ ह्या काळात लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच आणि लेस्टर अशा चार क्लबांना उसना दिला. सगळीकडे चमकला असं नाही. नॉर्विचला पायाचं हाड मोडलं, लेस्टरला बाकावर बसला. पण २०१४-१५ च्या हंगामात त्याच केननं टॉटनहॅमसाठी सगळ्या स्पर्धा मिळून ३१ गोल केले.

माझा तीन दिवसांचा पुण्याचा क्लास म्हणजे शंकूमधून बॉल फिरवणं होतं. ते चुकीचं नव्हतं. चूक ही की त्याच्यानंतर मी पोराला थेट फायनल खेळवली. मधल्या छोट्या मॅच द्यायला हव्या होत्या. जुना, सोपा जॉब एकट्यानं. मग थोडा अवघड, सिनियर शेजारी असताना. मग नवीन जॉबचं फक्त सेटिंग. मग पूर्ण जॉब, पण दिवसपाळीत. तुमचं दुकान असेल तर मंगळवारी दुपारचा गल्ला आधी, रविवार संध्याकाळचा नंतर.

लपलेला आकडा: इथे गेम चुकतो, आणि आपणही

आता सगळ्यात महत्त्वाचं. ह्या गेममध्ये प्रत्येक खेळाडूच्या मागे दोन लपलेले आकडे असतात, २०० पैकी. एक, आज तो किती चांगला आहे. दुसरा, तो जास्तीत जास्त किती चांगला होऊ शकतो. हा दुसरा आकडा म्हणजे छप्पर. गेम सुरू होताना ते ठरतं. काही पोरांसाठी डेटाबेसमध्ये नेमका आकडा न देता पट्टा दिलेला असतो, म्हणजे प्रत्येक नव्या गेममध्ये थोडं वेगळं छप्पर पडतं. पण एकदा पडलं की पडलं. सराव कितीही द्या, त्याच्या वर पोरगं जात नाही.

सरावाच्या खरेपणाबद्दल बोलायचं तर माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण इथेच आहे.

अमेरिकेचा फ्रेडी अडू बघा. २००४ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला. जगभर गाजावाजा. गेममध्येही त्याचं छप्पर आभाळाला टेकलेलं, आणि कितीतरी लोकांनी त्याला आपल्या टीममध्ये घेऊन जगज्जेता केला. खऱ्या आयुष्यात तो देशोदेशीचे क्लब फिरला, पण ती उंची आली नाही.

आणि उलटं उदाहरण जेमी वार्डीचं. सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडेनं त्याला काढून टाकला, अंगानं लहान म्हणून. मग तो स्टॉक्सब्रिज नावाच्या छोट्या क्लबकडून आठवड्याला तीस पौंडांवर खेळला आणि दिवसा कारखान्यात काम केलं. २०१२ मध्ये लेस्टरनं त्याला दहा लाख पौंडांना घेतला. त्यानं इंग्लंडकडून पहिली मॅच खेळली तेव्हा वय २८. २०१५-१६ मध्ये लेस्टर प्रीमियर लीग जिंकलं, त्यात त्यानं सलग ११ लीग सामन्यांत गोल केले. आणि गंमत बघा, २०१३ मध्ये लेस्टरच्या बाकावर केन आणि वार्डी शेजारी-शेजारी बसलेले होते. पुढे दोघंही प्रीमियर लीगचे सर्वाधिक गोल करणारे ठरले. त्या दिवशी कुणाला त्यांचं छप्पर दिसलं असतं?

मग गेमवाले हा आकडा ठेवतात कशाला? त्यांचीही बाजू आहे. छप्पर नसेल तर चांगला मॅनेजर कुणालाही मेस्सी करेल आणि गेमला अर्थच उरणार नाही. म्हणून त्यांनी निदान एक केलंय. तुम्हाला तो आकडा दाखवत नाहीत. तुम्हाला दिसतात तारे, आणि ते तारे म्हणजे तुमच्या स्टाफचं मत. स्टाफची पारख कच्ची असेल तर तारेही चुकीचे.

आता आपल्याकडे या. आपणही प्रत्येक माणसाच्या कपाळावर एक आकडा लिहितो. "हा हेल्परच राहणार." "हिला हिशेब जमायचा नाही." पहिल्या पंधरा दिवसांत लिहितो आणि पुन्हा पुसत नाही. आणि गंमत म्हणजे आपण तो आकडा खरा करून दाखवतो. ज्याच्यावर "हेल्पर" लिहिलं त्याला मशीनला हात लावू देत नाही. मग तीन वर्षांनी म्हणतो, "बघा, मी म्हणालो होतो ना!" गेममधलं छप्पर प्रोग्रॅममध्ये असतं. आपल्या युनिटमधलं छप्पर बऱ्याचदा मालकाच्या डोक्यात असतं.

मला गेम बनवायला दिला तर

भाच्यानं एकदा विचारलं, "मामा, तुम्हाला बदलायला दिलं तर काय बदलाल?" मी तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, स्वतःच्या खेळाडूचे आकडेही धूसर ठेवा. दुसऱ्या क्लबचा खेळाडू नीट पाहिला नसेल तर गेम आजही नेमका आकडा न दाखवता पट्टा दाखवतो. तसंच आपल्या पोराचंही ठेवा. "पासिंग १३" असं कुठल्या प्रशिक्षकाला दिसतं? त्याला दिसतं, "मागच्या महिन्यापेक्षा बरा देतोय." जितका तुम्ही सराव बघाल तितका पट्टा अरुंद होऊ द्या. म्हणजे मैदानावर जाणाऱ्या मॅनेजरला फायदा मिळेल.

दुसरी, शिकताना घसरण दाखवा. नवीन पद्धत शिकणारा माणूस काही दिवस आधीपेक्षा वाईट काम करतो. दोन बोटांनी टाइप करणारा दहा बोटांनी शिकायला लागला की पहिला महिना मंदावतो. खेळाडूचंही तसंच. गेममध्ये ही घसरण नीट आली तर मॅनेजरची खरी परीक्षा लागेल: धीर धरतो, की घाबरून जुन्यावर परत जातो?

तिसरी, सुधारणा पायऱ्यांनी येऊ द्या. दोन महिने काहीच हलत नाही आणि एका आठवड्यात सगळं जमतं, हे आपण सगळ्यांनी सायकल शिकताना अनुभवलंय.

भाचा म्हणाला, "मामा, असा गेम कोण खेळेल? डोकं फिरेल." बरोबर आहे त्याचं. २०१९ चा सविस्तर तक्ता आल्यावरही अनेक जण सराव असिस्टंट मॅनेजरकडे सोपवून मोकळे होतात. गेमला मजा सांभाळायची असते, म्हणून तो काही गोष्टी सोप्या करणारच. आपल्याला मात्र ती सोय नाही. आपल्याकडे समोर आकडा नसतो, माणूस असतो.

आजचा गृहपाठ

वाचून सोडू नका. ह्या आठवड्यात एवढं करा:

१. तुमच्याकडच्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्याला कोणकोणतं काम येतं ते लिहा. चारच खुणा ठेवा: येत नाही, कुणी शेजारी असेल तर येतं, एकट्याला येतं, दुसऱ्याला शिकवू शकतो. एकटेच असाल तर स्वतःचं लिहा.

२. पुढच्या सहा महिन्यांतले "मॅचचे" आठवडे मांडा. शिकवणं त्यांच्यापासून लांब ठेवा.

३. एका नवीन माणसासाठी चार छोट्या मॅच ठरवा, सोपीपासून अवघडपर्यंत. पहिली जमल्याशिवाय दुसरी नाही.

४. शिकवणाऱ्या सिनियरला रोज एक तास मोकळा द्या. तोंडी नको, वेळापत्रकात लिहून.

५. ज्याच्यावर तुम्ही "हा एवढाच" असा आकडा लिहिलाय, अशा एका माणसाला ह्या महिन्यात एक नवीन काम द्या. जमलं नाही तरी त्याला सगळ्यांसमोर बोलू नका. गेममध्येसुद्धा सरावावरून चुकीच्या वेळी झापलं की खेळाडू नाराज होतो. माझ्याकडचा तर निघूनच गेला.

मगाशी म्हणालो होतो, "तालीम" हे नाव लक्षात ठेवा. तालमीत वस्ताद पोराला पहिल्याच दिवशी मोठ्या पैलवानासमोर सोडत नाही. आधी माती उकरायला लावतो, मग जोर-बैठका, मग जोडीच्या पोराबरोबर लढत. आणि पोराकडे रोज बघतो. गेमवाल्यांना तीस वर्षं लागली, मला एक स्पिंडल आणि एक चांगला माणूस गमवावा लागला. तुम्हाला वाचूनच कळलं तर फार स्वस्तात पडलं.

त्या पोराला मी मागच्या वर्षी फोन केला. माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, आता माझ्या हाताखाली दोन पोरं आहेत. त्यांना मी पहिला महिना जुन्याच जॉबवर ठेवतो."

तुमच्याकडे कुणी असा निघून गेलेला माणूस आहे का? खाली नक्की लिहा, मी स्वतः वाचतो. पुढच्या व्हिडिओत आपण बोलू तयार झालेला माणूस टिकवायचा कसा, ह्यावर. तोवर शिकत राहा, शिकवत राहा. भेटू!